मोटारसायकलचा मधला स्टँड आणि मागील चाकाची मोकळीक

भारताच्या अनेक भागांत पहाटेच्या वेळी दूध संकलन केंद्रासमोर मोटारसायकलींची रांग लागलेली दिसते. प्रत्येक गाडीच्या मागील चाकाच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकाविलेले असतात. हे कॅन एकामागून एक उतरवावे लागतात, आणि तेवढा वेळ गाडी सरळ उभी राहणे अगत्याचे असते. साइड स्टँडवर कललेल्या गाडीचा एका बाजूचा भार काढला की तिचा तोल क्षणात बदलतो. म्हणून दूधवाला नेहमी मधला स्टँड, म्हणजे बाजारात ज्याला 'डबल स्टँड' म्हणतात तो, लावतो.

समजा, यांपैकी एका दूधवाल्याच्या गाडीचा मागचा भाग ओझ्याखाली फार बसू लागला, म्हणून त्याने मागील धक्काशोषकांची, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरची, जुनी जोडी काढून अधिक लांब व अधिक कडक जोडी बसविली. रस्त्यावर गाडी चांगली चालली. परंतु केंद्रासमोर स्टँड लावल्यावर असे दिसून आले की मागचे चाक पूर्वीसारखे अधांतरी न राहता जमिनीला टेकलेलेच राहते. आणि कॅन काढताना गाडीला जरासा पुढे हिसका बसला की स्टँड मागे मिटून गाडी कोसळू पाहते. स्टँडला तर कोणी हातही लावलेला नव्हता. मग दोष तेथे कसा उत्पन्न झाला? या प्रश्नाचे उत्तर साध्या भूमितीत आणि तरफेच्या नियमात आहे, आणि शाळेतील विद्यार्थ्यालाही ते मोजपट्टी घेऊन पडताळून पाहता येते.

स्टँड मागील आसाजवळून मध्यावर आला

प्रारंभीच्या मोटारसायकलींना मागील बाजूस स्प्रिंगा नसत. मागचे चाक सांगाड्यात घट्ट बसविलेले असे, आणि स्टँड त्या चाकाच्या आसाजवळच जोडलेला असे. तो खाली पाडून गाडी मागे ओढली की मागचे चाक उचलले जाई; वापरात नसताना तो वर घेऊन मडगार्डला अडकवीत. चाक आणि सांगाडा यांच्यातील अंतर कधी बदलतच नसल्यामुळे मोकळीक कमीजास्त होण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

मागील चाकाला स्प्रिंगांचा आधार देण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासून चालले होते. परंतु दोन्ही बाजूंना एकेक धक्काशोषक आणि मध्ये झुलती भुजा, ज्याला कारागीर 'स्विंग आर्म' म्हणतात, अशी रचना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत रूढ झाली. रॉयल एनफील्ड कंपनीची 'बुलेट' १९४९ मध्ये या रचनेसह बाजारात आली, आणि १९५५ पासून मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, तिची जुळणी होऊ लागली. या रचनेत चाक सांगाड्याच्या मानाने वरखाली होते. स्टँड मात्र सांगाड्याच्या तळाशी, दोन चाकांच्या मधल्या भागात जोडला जाऊ लागला. म्हणजे जो भाग गाडीला उचलून धरतो तो एका वस्तूला जोडलेला, आणि ज्याला उचलायचे ते चाक दुसऱ्या वस्तूला लटकलेले. या दोहोंना सांधणारा दुवा म्हणजे धक्काशोषक होय. त्याची लांबी बदलली की स्टँड आणि चाक यांचे नातेही बदलते.

उभ्या गाडीचा तोल

मधल्या स्टँडला दोन पाय असून ते एका आडव्या खिळीभोवती फिरतात. गाडी चालू असताना स्प्रिंगेच्या ओढीने हे पाय मागे वर मिटलेले असतात. चालक एका पायाने स्टँडचा दांडा दाबून त्याची पावले जमिनीला टेकवितो आणि गाडी वर व मागे ओढतो. त्याबरोबर खीळ त्या पावलांभोवती वर्तुळाच्या कमानीत वर चढते, सर्वोच्च बिंदू ओलांडते, आणि किंचित खाली येऊन सांगाड्यावरील अटकावाला स्टँड भिडताच थांबते. या स्थितीत पावले खिळीच्या थोडी पुढे असतात. गाडी पुढे यायची तर खिळीला आधी पुन्हा तो सर्वोच्च बिंदू चढून यावे लागेल. स्टँड आपोआप न मिटण्याचे कारण हेच.

हा चढ किती लहान असतो हे पाहण्यासारखे आहे. खिळीपासून पावलापर्यंत पायाची लांबी ३०० मिलिमीटर आणि उभ्या रेषेपासून त्याचा कल ५ अंश मानला, तर गाडी स्टँडवरून उतरण्यासाठी खिळीला वर चढावे लागणारे अंतर एक मिलिमीटरहून किंचितच जास्त भरते. एवढ्याशा उंबरठ्यावर दीडदोनशे किलोग्रॅमची गाडी विसंबून असते! ती विसंबू शकते याचे कारण त्या उंबरठ्यावर गाडीचा मोठा भार पडलेला असतो. भार काढून घेतला की उंबरठा नावापुरताच उरतो. दूधवाल्याच्या गाडीचे मर्म येथे आहे, आणि त्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

दोन वेगळी मापे

धक्काशोषक बदलताना बहुतेक लोक 'गाडी किती उंच झाली' एवढेच पाहतात. वास्तविक येथे दोन मापे वेगळी ओळखली पाहिजेत.

गाडी मधल्या स्टँडवर असताना मागचे चाक मोकळे लोंबते, आणि धक्काशोषक पूर्ण ताणलेला असतो. या वेळी टायर आणि जमीन यांच्यात जे अंतर राहते त्याला येथे 'मोकळीक' म्हटले आहे. दुसरे माप असे: तीच गाडी स्टँडवरून उतरवून चाकांवर उभी केली, वर कोणी बसले नाही, तरी ती स्वतःच्या वजनाने स्प्रिंगा दाबून थोडी खाली बसते. लोंबत्या स्थितीच्या मानाने मागचा भाग जितका खाली बसतो त्या अंतराला 'बैठक' म्हणता येईल.

मोकळीक धक्काशोषकाच्या पूर्ण ताणलेल्या लांबीवर, म्हणजे त्याच्या वरच्या व खालच्या बोल्टांच्या छिद्रांमधील अंतरावर अवलंबून असते. स्प्रिंग कडक आहे की मऊ, याचा तिच्याशी संबंध नाही. कारण लोंबताना धक्काशोषकाला त्याच्या आतील दांड्याची मर्यादा थांबविते, स्प्रिंग थांबवीत नाही. स्प्रिंगेच्या मुळाशी असलेली कडी फिरवून तिचा ताण वाढविला तरीही मोकळीक तेवढीच राहते. याउलट, बैठक मात्र स्प्रिंगेवरच अवलंबून असते. म्हणून जुन्या, थकलेल्या स्प्रिंगांची गाडी स्टँडवर चढविणे जड जाते, पण एकदा चढली की तिचे चाक पूर्वीइतकेच अधांतरी असते. नव्या, तितक्याच लांबीच्या पण कडक जोडीने गाडी स्टँडवर सहज चढते. मोकळीक तिळमात्र बदलत नाही. गॅरेजमध्ये या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. गाडी चढवायला जड झाली की स्टँड वाकला असावा असे समजून त्यावरच हातोडा चालतो; दोष स्प्रिंगेचा असतो आणि शिक्षा स्टँडला होते.

एक उदाहरण

हिशेबासाठी एक काल्पनिक गाडी घेऊ. तिच्या दोन आसांमधील अंतर १,४०० मिलिमीटर आहे. स्टँडची खीळ पुढील आसापासून ९०० मिलिमीटर मागे आहे. वजन १९० किलोग्रॅम असून गुरुत्वमध्य दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये, म्हणजे पुढील आसापासून ७०० मिलिमीटरवर आहे. मोकळीक ३० आणि बैठक १५ मिलिमीटर आहे. हे आकडे कोणत्याही विशिष्ट कंपनीच्या गाडीचे नव्हेत. परंतु मध्यम आकाराच्या गाडीला ते शोभतील असे आहेत.

धक्काशोषक २० मिलिमीटरने लांब केला तर चाक किती खाली जाईल? पुष्कळांचे उत्तर '२० मिलिमीटर' असे येईल, आणि ते चूक आहे. झुलती भुजा ही एक तरफ आहे. तिच्या खिळीपासून चाकाचा आस ४५० मिलिमीटरवर आणि धक्काशोषकाचा बोल्ट ४०५ मिलिमीटरवर असेल, तर बोल्टापेक्षा आस १.११ पट अधिक हलेल. शिवाय धक्काशोषक भुजेला लंब नसून तिरका असतो. लंबापासून तो २५ अंश कललेला असेल, तर त्याच्या लांबीतील बदलाने बोल्ट सुमारे १.१ पट हलतो. दोन्ही गुणाकार एकत्र केले की प्रमाण सुमारे १.२३ येते. म्हणजे २० मिलिमीटर लांबी वाढविली की चाक सुमारे २४.५ मिलिमीटर खाली लोंबेल, आणि ३० पैकी अवघी साडेपाच मिलिमीटर मोकळीक उरेल. फरसबंद अंगणात ती दिसेल. खडबडीत रस्त्याच्या कडेला ती नाहीशी होईल.

लांबी २५ मिलिमीटरने वाढविली तर चाक ३०.७ मिलिमीटर खाली जाईल. मोकळीक संपली, चाक जमिनीला टेकले. आणखी लांबी वाढली की एक चमत्कारिक अवस्था येते. स्टँड लावता तर येतो, पण धक्काशोषक आता पूर्ण ताणलेला राहू शकत नाही. तो थोडा दाबला जातो, आणि गाडीचा काही भार स्टँडऐवजी मागच्या चाकावर पडतो. गाडी उभी दिसते. चालकाला वाटते, काम भागले. वस्तुतः वर सांगितलेल्या त्या मिलिमीटरभर उंबरठ्यावरील भार आता हलका झालेला आहे. त्यातून मागचे चाक जमिनीवर असल्यामुळे ते गाडीसह पुढे घरंगळण्यास मोकळे आहे. लहान मुलाने मागून लोटले तरी स्टँड मिटू शकतो, आणि अशा वेळी गाडीच्या शेजारी उभ्या असलेल्याच्या पायावर तिचे सारे वजन येते. दूधवाल्याची गाडी या अवस्थेत होती.

लांबी ४० मिलिमीटरने वाढविली तर चाक ४९ मिलिमीटर खाली जाईल. मोकळीक आणि बैठक यांची बेरीज ४५ मिलिमीटर आहे. ४९ हा आकडा तिच्याही पुढे गेला. आता गाडी चाकांवर असतानाच खीळ ३०० मिलिमीटरहून अधिक उंचीवर असते, आणि स्टँडची पावले जमिनीला न लागता नुसती झुलतात. ही अवस्था मागच्या अवस्थेपेक्षा कमी धोक्याची म्हटली पाहिजे, कारण ती कोणालाही फसवीत नाही.

आखूड धक्काशोषक

काही चालक उलट बाजूने जातात. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकावेत म्हणून, किंवा केवळ गाडी ठेंगणी दिसावी म्हणून, ते आखूड जोडी बसवितात. लांबी २५ मिलिमीटरने कमी केली तर लोंबते चाक ३०.७ मिलिमीटर वर जाईल आणि मोकळीक ३० वरून जवळजवळ ६१ मिलिमीटर होईल. वरवर पाहता हे चांगलेच. परंतु ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. प्रत्येक वेळी स्टँड लावताना ती चालकाच्या अंगबळाने विकत घ्यावी लागते.

स्टँडवर चढताना गाडी पुढील चाकाभोवती फिरते. म्हणून मागील आसाजवळ सांगाडा जितका उचलला जातो त्याच्या चौदांश नऊ पट खीळ उचलली जाते. मूळ गाडीत आसाजवळ ३० अधिक १५ मिळून ४५, म्हणजे खिळीजवळ २९ मिलिमीटर चढ होता. आखूड जोडी बसविल्यावर तो सुमारे ४९ मिलिमीटर झाला. यातील पहिल्या १५ मिलिमीटरांच्या चढाला स्प्रिंगा हातभार लावतात, कारण त्या ताणल्या जात असतात. चाक जमीन सोडते त्या क्षणी ही मदत थांबते आणि सारा भार स्टँडवर येतो. गुरुत्वमध्याच्या स्थानावरून हा भार सुमारे १४८ किलोग्रॅम निघतो. उरलेले ४२ किलोग्रॅम पुढच्या चाकावर राहतात.

या क्षणी स्टँडचा पाय जितका तिरपा तितकी गाडी मागे ओढणे कठीण, हे तिरक्या फळीवरून पिंप चढविणाऱ्याला सांगावे लागत नाही. मूळ गाडीत त्या वेळी पाय उभ्या रेषेपासून सुमारे २१ अंश कललेला असतो, आणि केवळ आडव्या ओढीने गाडी चढवायची म्हटली तर ५६ किलोग्रॅम वजनाइतका जोर लागेल. आखूड जोडीच्या गाडीत कल साडेएकोणतीस अंश असतो व हा जोर ८४ किलोग्रॅमवर जातो. प्रत्यक्षात चालक स्टँडच्या दांड्यावर आपले वजन टाकतो, त्या तरफेमुळे हाताने इतका जोर लावावा लागत नाही. तरीपण दोन गाड्यांमधील दीडपटीचे प्रमाण कायम राहते. म्हातारा किंवा कृश चालक अशा गाडीचा मधला स्टँड वापरणेच सोडून देतो, आणि पंक्चर झाल्याच्या दिवशी त्याला त्याची आठवण येते.

वळणावर स्टँड कोठे असतो

गाडी ठेंगणी केल्याचा दुसरा परिणाम चालत्या गाडीवर होतो, आणि तो अधिक गंभीर आहे. मिटलेल्या स्टँडचे पाऊल गाडीच्या मध्यरेषेपासून १८० मिलिमीटर बाहेर आणि जमिनीपासून १३० मिलिमीटर उंच असेल, तर गाडी सुमारे ३६ अंश कलल्यावर ते जमिनीला घासेल. तेच पाऊल पुढील आसापासून १,१५० मिलिमीटर मागे आहे असे धरल्यास, वरील आखूड जोडीमुळे ते २५ मिलिमीटर खाली येते आणि घासण्याचा कोन ३० अंशांवर येतो.

सहा अंशांचा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु ३० मीटर त्रिज्येच्या घाटातील वळणावर मूळ गाडी ताशी सुमारे ५२ किलोमीटर वेगाने जाऊ शकत असेल, तर ठेंगण्या गाडीचा स्टँड ताशी ४७ किलोमीटरलाच जमिनीला लागेल. शिवाय कललेल्या गाडीवर वळणामुळे जास्त दाब येतो. ३६ अंशांच्या कलास तो सरळ चालीच्या जवळजवळ सव्वापट होतो. म्हणजे स्प्रिंगा आणखी दबतात, आणि स्थिर गाडीवर मोजलेली उंचीही वळणावर पूर्ण मिळत नाही. स्टँडचे पाऊल हा न वाकणारा लोखंडी भाग आहे. फूटरेस्ट बिजागरीवर असेल तर ते घासताच वर दुमडते व चालकाला इशारा मिळतो. स्टँडचे पाऊल मात्र गाडीला टेकूसारखे उचलते आणि मागच्या चाकाची रस्त्यावरील पकड सोडवू शकते. मागच्या सीटवर माणूस असेल तर हा प्रसंग आणखी कमी वेगावर येतो.

लांब जोडीत हा धोका कमी होतो हे खरे. तथापि तिचेही इतर परिणाम असतात. मागचा भाग २४.५ मिलिमीटर उंचावला की सारी गाडी सुमारे एक अंश पुढे झुकते, पुढच्या फोर्कचा कल तितकाच कमी होतो, आणि हँडल हलके पण किंचित चंचल होते. साइड स्टँड आखूड पडून गाडी त्यावर अधिक कलते.

साखळीबद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. साखळी सर्वांत जास्त केव्हा ताणली जाते? इंजिनाकडील दातेरी चक्र, झुलत्या भुजेची खीळ आणि चाकाचा आस हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा. लांब जोडीमुळे भुजा या रेषेपासून अधिक खाली लोंबते, म्हणून स्टँडवर असताना साखळी पूर्वीपेक्षा सैल दिसते. ती तेथेच आवळून घट्ट केली, तर चालक आणि ओझे बसल्यावर भुजा रेषेत येताच साखळी प्रमाणाबाहेर ताणली जाईल. मग चाकातील व इंजिनातील बेअरिंगांना त्याची किंमत मोजावी लागते. साखळीचा ताण त्या एका रेषेच्या स्थितीतच तपासावा. याशिवाय भुजा फार खाली लोंबली की साखळीची खालची बाजू स्टँडच्या आडव्या नळीला घासू शकते. नळीवर चकचकीत ओरखडा दिसला तर त्याचा अर्थ हाच.

उपाय करण्यापूर्वी

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे मूळ जोडीइतक्याच लांबीची, पण योग्य त्या कडकपणाची जोडी घेणे. दूधवाल्याची मूळ तक्रार गाडी ओझ्याखाली बसते ही होती. तिला उत्तर कडक स्प्रिंग हे होते. लांबी त्याने मागितली नव्हती, दुकानात जे मिळाले त्याबरोबर ती आली. नवी जोडी विकत घेण्यापूर्वी जुन्या व नव्या धक्काशोषकांच्या छिद्रांमधील अंतर मोजपट्टीने मोजून पाहिले असते, तर पुढचा सारा प्रपंच टळला असता.

लांब जोडी ठेवायचीच असेल तर स्टँडही उंच केला पाहिजे. किती? येथे पुन्हा तरफेचा नियम कामी येतो. गेलेली मोकळीक २४.५ मिलिमीटर होती, पण तेवढा तुकडा पावलाला जोडण्याची गरज नाही. खीळ मध्ये असल्यामुळे पायाची उंची चौदांश नऊ पटीने, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरने वाढविली की मागच्या चाकाला पूर्वीची मोकळीक परत मिळते. डोळे मिटून २५ मिलिमीटर वाढविणारा कारागीर गाडी पुन्हा चढवायला जड करून ठेवतो.

हे वेल्डिंग करण्यापूर्वी पडताळून पाहण्याची युक्ती सोपी आहे. सपाट जमिनीवर १६ मिलिमीटर जाडीची, दोन्ही पावले मावतील एवढी लाकडी फळी ठेवावी, दोन्ही चाके फळीबाहेर जमिनीवर असावीत, आणि स्टँड फळीवर लावावा. पट्टीने मोकळीक मोजावी. फळीच्या जागी निरनिराळ्या जाडीच्या पट्ट्या घेऊन विद्यार्थ्यांनी जाडी आणि मोकळीक यांचा आलेख काढल्यास तो जवळजवळ सरळ रेषेत येईल, आणि त्या रेषेच्या चढावरून खिळीचे स्थान काढता येईल. प्रयोगाच्या वेळी एका मोठ्या माणसाने हँडल धरून पुढचा ब्रेक आवळून ठेवावा. गाडीच्या पुढे कोणीही उभे राहू नये.

दूधवाल्याच्या गाडीत आणखी एक गोष्ट मोजली पाहिजे. मोकळीक कितीही असली तरी चाक अधांतरी राहणे हे भार कोठे आहे यावर ठरते. वरील गाडीचा गुरुत्वमध्य खिळीच्या २०० मिलिमीटर पुढे आहे; १९० किलोग्रॅमला २०० ने गुणले की ३८,००० येतात. कॅनचा भार खिळीच्या ५५० मिलिमीटर मागे लटकत असेल, तर ३८,००० ला ५५० ने भागून ६९ किलोग्रॅम ही मर्यादा निघते. त्याहून जास्त भार लटकला की गाडी मागे झुकून मागच्या चाकावर टेकेल आणि पुढचे चाक उचलले जाईल. एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलोग्रॅम असते. वीस लिटरचे तीन भरलेले कॅन, त्यांच्या पत्र्याचे वजन धरून, या मर्यादेच्या अगदी जवळ येतात. चौथा लटकाविताच ती ओलांडली जाते. म्हणून भरलेल्या गाडीवरून कॅन उतरविताना डावा व उजवा आळीपाळीने काढावा, आणि गाडी पुन्हा पुढे झुकण्याचा क्षण येईल तेव्हा हात हँडलवर असावा.

स्टँडचे पाय वाढविताना दोन्ही पावले एकाच वेळी, एकाच मापाने करून घ्यावीत. दोहोंत तीन-चार मिलिमीटरांचा फरक राहिला तरी गाडी एका अंगाला डुलते. त्याआधी खिळीतील बुश झिजले आहेत का आणि अटकावाचे टोक चेपले आहे का, हे पाहावे. या झिजेनेही मोकळीक कमी होते, आणि धक्काशोषक न बदललेल्या जुन्या गाडीचे चाक जमिनीला टेकू लागले तर पहिला संशय येथेच घ्यावा. जोड दिल्यावर स्टँड मिटवून लांब झालेला पाय सायलेन्सरला, टायरला किंवा भुजेला लागत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. ही तपासणी स्प्रिंगा दबलेल्या असताना आणि भुजा पूर्ण खाली लोंबलेली असताना, अशा दोन्ही स्थितींत करावी. स्टँड वर ओढून धरणारी स्प्रिंगही पाहावी. पाय जड झाल्यामुळे ती अपुरी पडली, तर खड्ड्यात गाडी आदळताच स्टँड खाली लोंबून रस्त्याला लागतो. अशा वेळी जुनी स्प्रिंग ताणून न वापरता नवी, अधिक जोरकस स्प्रिंग बसवावी.